नागपुरात न प्यायलेलं पाणी

चिपळूणहून निघायच्या दिवशी मी सकाळपासून फक्त अर्धा कप चहा घेतला होता. प्रवासाची ही माझी जुनी शिस्त. एसटीत बसायच्या आधी चार तास पाणी बंद, आणि उतरेपर्यंत तोंडाला थेंब लावायचा नाही. शिस्त कसली, भीतीच ती. पण तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवल्यावर माणूस आपल्या भीतीलाही शिस्त म्हणायला शिकतो.

मे महिन्याची सुट्टी होती. माझी एकुलती लेक कुंदा नागपूरला दिलेली. जावई पाटबंधारे खात्यात, कोयनेला असताना लग्न जमलं आणि लगेच बदली होऊन ते आपल्या गावी परतले. कुंदाला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून तिला आणायला मी एकटीच निघाले होते. डिंकाचे लाडू कधी करायचे, बाळंतिणीची खोली कुठली द्यायची, हे सगळं मी मनात ठरवून टाकलेलं होतं.

इथेच माझी एक खोड सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं. दिवसभर मला लघवीची आठवणही होत नाही. पण रात्री अंग टाकलं, डोळा लागू लागला, की नेमकी तेव्हा भावना होते. उठून जाऊन यावं तर थोडीशीच. परत पडावं, परत डोळा जड व्हावा आणि परत तेच. आमचे हे म्हणतात, "तू झोपतेस की येरझारा घालतेस?" माझ्या आईलाही हेच होतं. आमच्या घराण्यातल्या बायकांचा हा भोग आहे, अशी मी समजूत करून घेतली होती आणि त्यावर एकच उपाय मला ठाऊक होता: पाणी कमी पिणं.

पुण्याला रेल्वेत बसले. रात्र कशीतरी काढली. सकाळी भुसावळच्या पुढे बाहेरचा मुलूख बघतच राहिले. इतकी सपाट, इतकी तांबूस-काळी आणि इतकी मोकळी जमीन मी पाहिली नव्हती. आमच्याकडे कुठेही बघा, समोर डोंगर आडवा येतो. इथे नजर जाते ती परतच येत नाही. अकोला गेलं आणि खिडकीतून येणारा वारा तापल्या तव्यासारखा तोंडाला लागू लागला. मला मात्र नवल वाटत होतं की घाम कसा तो नाही. आमच्याकडे मे महिन्यात पदर पिळून काढावा लागतो. मनात म्हटलं, नागपूरच्या उन्हाचा उगीच बोभाटा झालाय.

समोर नरखेडकडचे एक संत्र्यांचे बागाईतदार बसले होते. त्यांच्याजवळ छागल (पाणी गार ठेवणारी जाड कापडाची पिशवी) होती. त्यांनी मला पेला पुढे केला.

"घ्या जी, पाणी घ्या."

"नको. मला तहान नाही. बघा ना, घामसुद्धा नाही."

ते हसले. "घाम येते बाई, येत नाही असं नाही. इथची हवा तो पिऊन टाकते. म्हणून तर कळत नाही. या उन्हात पाण्याले नाही म्हणू नये."

मी शिक्षिका. मला कोणी शिकवू लागलं की आवडत नाही. मी खिडकीबाहेर बघू लागले.

नागपूरला दुपारी पोचले. जावई पंधरा दिवसांसाठी लांबच्या साइटवर गेलेले, म्हणून घ्यायला व्याही आले होते. इतवारी पेठेत भांड्यांच्या दुकानात नोकरी केलेला, उंच, मितभाषी माणूस. त्यांनी सायकलरिक्षा केली. इतवारीच्या गल्ल्यांतून जाताना हातगाड्यांची गर्दी, धान्याची पोती आणि पितळेवर पडणारे हातोडे यांनी डोकं भणभणून गेलं. एका वखारीपाशी लाल मिरच्यांचे ढीग होते. व्याही म्हणाले, "भिवापूरची आहे." तिच्या खाटाने मला शिंका आल्या. नागपूरशी माझं पहिलं बोलणं ते एवढंच.

घरात विहीणबाई, अनसूयाबाई, गूळपाणी घेऊन दारात उभ्या होत्या. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. "या इहीणबाई," (विहिणीला इकडे इहीण म्हणतात) "पाणी प्या आधी." मी गूळ खाल्ला, पाण्याचा एक घोट घेऊन तांब्या खाली ठेवला. मग कुंदाला पाहिलं. पोट दिसत होतं, पण चेहरा उतरलेला, ओठ सुकून भेगाळलेले. मी म्हटलं, उन्हाचा परिणाम.

जेवायला पाटवडीचा रस्सा होता आणि वर सांबार (म्हणजे आपली कोथिंबीर) पेरलेला. रस्सा इतका झणझणीत की डोळ्यांतून पाणी आलं. तरी मी पेल्याला हात लावला नाही. दुपारी सगळं घर दारं लावून, वाळ्याच्या ताटीवर पाणी मारून झोपलं. तो ओला, मातकट सुगंध मी अजून विसरले नाही. नागपूरच्या लोकांनी उन्हाळ्याशी केलेला हा तह मला फार आवडला. त्या गारव्यात माझाही डोळा लागू लागला आणि नेमकी भावना झाली. पण सगळे झोपलेले, दाराची कडी वाजेल, म्हणून मी तशीच पडून राहिले.

रात्रीचा प्रकार आणखी अवघड. उन्हाळ्यात इथे घरात कोणी झोपत नाही. अंगणात सडा टाकून ओळीनं बाजा (सुतळीच्या खाटा) घालतात. दाराशी आम्ही बायका, आणि मागे विहिरीजवळ, जिथे वाऱ्याची झुळूक येते, तिथे व्याह्यांची बाज. मोरी आणि संडास त्यांच्याही पलीकडे. म्हणजे उठायचं तर व्याह्यांच्या उशाजवळून जायचं. पहिल्या रात्री मी दोनदा गेले. दोन्ही वेळा ते जागे झाले आणि मी जाईपर्यंत त्यांनी सभ्यपणे तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या सभ्यपणानंच मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. परत येऊन पडले, तर शेजारच्या बाजेवर कुंदा टक्क जागी होती, आभाळाकडे बघत. आम्ही दोघी जाग्या आणि दोघी गप्प.

दुसऱ्या दिवसापासून मी दिवसाला जेमतेम दोन पेले पाणी पिऊ लागले. तिसऱ्या दिवशी उठताना भोवळ आली. विहीणबाई म्हणाल्या, "काहून वो इहीणबाई, तोंड असं काहून सुकलं तुमचं? पन्हं घ्या." मी हसून टाळलं. पाहुणीचा मान मोठा असतो, तिला फार कोणी विचारत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी कुंदाला हुडहुडी भरली. अंग चटके बसावेत इतकं तापलं. मग ओटीपोटात कळा येऊ लागल्या. मी महिने मोजले, बोटांवर परत मोजले; सातवाच. रिक्षात तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि विहीणबाई रिक्षावाल्याला सारखं "हळू घे गा, हळू घे" म्हणत होत्या.

बाई डॉक्टर मेश्राम यांचा दवाखाना लहानसाच होता, दोन खाटांचा. भिंतीवर बुद्धाची तसबीर, समोर ताजी फुलं. त्यांनी कुंदाला तपासलं, लघवी बघितली. कोऱ्या चहासारखा तिचा रंग होता. त्यांनी विचारलं, "दिवसातून पाणी किती पितेस?"

कुंदानं माझ्याकडे पाहिलं.

"आईकडे नको बघू. मला सांग."

"दोन पेले. कधी दीड."

"या उन्हात? पोटात बाळ घेऊन? का?"

"रात्री पडलं की लगेच लागते. मामंजींच्या बाजेजवळून जावं लागतं. लाज वाटते. मग धरून ठेवते." ती थांबली. "आईनं लहानपणापासून शिकवलंय, बाईमाणसानं पाणी बेतानं प्यावं, धरून ठेवायला शिकावं."

हो, मीच शिकवलं होतं. लेकीलाच नव्हे, वर्गात करंगळी वर करणाऱ्या शेकडो पोरींना मी "मधल्या सुट्टीत जा" म्हणून खाली बसवलं होतं.

डॉक्टर म्हणाल्या, "लघवीला जंतू झालेत. त्यानं ताप, आणि तापानं कळा. औषध देते, सलाइन लावते. कळा थांबल्या तर ठीक. नाही थांबल्या तर..." मग त्यांनी मला जीभ दाखवायला सांगितली, आणि माझ्याही हातात मीठसाखरेच्या पाण्याचा तांब्या दिला. "इथे बसून संपवा. माझ्यासमोर."

तो तांब्या संपवता संपवता, कुंदाचा डोळा लागल्यावर, मी तीस वर्षांचा प्रश्न विचारला. "डॉक्टरबाई, झोप लागतानाच का हो होतं असं? हा काय रोग आहे?"

"तुम्हाला दुसरा काही त्रास नसेल तर रोग नाही," त्या म्हणाल्या. "दिवसभर आपण उभे. अंगातलं थोडं पाणी पायांत उतरतं. संध्याकाळी पाय जड होतात ना, ते त्याचंच. आडवं झालं की ते परत रक्तात मिसळतं आणि लघवी तयार होऊ लागते. ही एक गोष्ट. दुसरी म्हणजे, पिशवी दिवसाही हाक मारतच असते. तुमचं लक्ष कामात असतं, पोरांच्या गोंधळात असतं. डोळे मिटले, सगळं शांत झालं, की तीच एक हाक उरते. आणि तिसरी गोष्ट तुमची भीती. आता उठावं लागणार, या धास्तीनं ती हाक आणखी मोठी होते."

"म्हणून तर मी पाणी कमी पिते."

"तिथेच चुकलं. पाणी कमी म्हणजे लघवी कडक. ती पिशवीला झोंबते, म्हणून थोडी असली तरी झोपू देत नाही. दिवसभर भरपूर प्या, झोपायच्या आधी दोन तास जरा हात आखडा, जाऊन या आणि पडा. आणि लागलीच तर उठा. उठायला लाज कसली?"

इतकं साधं होतं. आयुष्यभर मी ज्याला उपाय म्हणत होते तेच दुखणं होतं, आणि ते मी लेकीला आंदण दिलं होतं.

बाहेरच्या बाकावर विहीणबाई बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. माझं, आईचं, कुंदाचं. वाटलं, त्या मला बोल लावतील. त्या भडकल्या खऱ्या, पण स्वतःवर. "वरीस झालं, पोरगी माह्या घरात तहानली राहिली. मी तिले पोळ्या मोजून वाढल्या, न् पाण्याकडे पाह्यलंच नाही! मलेही रात्री चारदा उठा लागते. मी तरी कधी बोलली काय तिच्याशी?" मग आम्ही दोघी विहिणी त्या बाकावर बसून रडलो. एरवी मानपानावरून विहिणी रडतात, आम्ही भलत्याच गोष्टीवरून रडत होतो.

त्या संध्याकाळी विहीणबाई घरी जाऊन आल्यावर मी अंघोळीपुरती घरी आले, तर अंगणातल्या बाजा बदललेल्या. मोरीजवळची, वाऱ्याची जागा बायकांना. प्रत्येकीच्या उशाशी पाण्याची सुरई. आणि व्याह्यांची बाज पार बाहेर, गल्लीतल्या ओट्यावर, जिथे पान हलत नव्हतं. मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "बाहेर हवा बरी आहे जी." अंगावरचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. इतकं थोर खोटं मी आजवर ऐकलेलं नाही.

कुंदाच्या कळा दुसऱ्या दिवशी दुपारी थांबल्या. ताप तिसऱ्या दिवशी उतरला. पण डॉक्टरांनी बजावलं, अख्खी रात्र आणि अर्धा दिवस रेल्वे आणि वर घाटातली एसटी, हे आता बाळंतपण होईपर्यंत नाही. विहीणबाई माझ्याकडे बघत होत्या. पहिलं बाळंतपण आईचं, ते मागून घेण्याचा त्यांना हक्क नव्हता आणि त्यांनी मागितलंही नाही. मीच म्हटलं, "कुंदाला तुमच्याकडे ठेवून जाते." आणि डिंकाच्या लाडवांचं प्रमाण त्यांना लिहून दिलं.

"आई, रागावलीस?" कुंदानं विचारलं.

"तुझ्यावर नाही गं."

माझी शाळा उघडायची होती. परतीच्या गाडीत मी खिडकीची जागा सोडून वाटेजवळची घेतली. प्रत्येक मोठ्या स्टेशनवर पाणी भरून घेतलं, आणि लागलं तेव्हा सरळ उठून गेले. अख्ख्या डब्याने पाहिलं असेल. कोणाचं काही अडलं नाही.

चिपळूणच्या स्टँडवर हे उभे होते. माझ्यामागे कोणी उतरत नाही बघून त्यांचा चेहरा पडला. संध्याकाळी शेजारणी जमल्या. "अगोबाई, आणायला गेलीस आणि रिकामी आलीस?" प्रवास झेपला नसता, एवढं सांगून सुटता आलं असतं. मी खरं ते सांगितलं, लघवी हा शब्द न गाळता. सगळ्या पदराशी चाळा करत बसल्या. मग सगळ्यात म्हातारी शेजारीण हळूच म्हणाली, "मलाही होतं गं तसंच." प्रवासानं माणूस शहाणा होतो म्हणतात. मी नवा मुलूख बघायला गेले आणि बघून आले ते स्वतःच्या अंगाला. ते इतकी वर्षं हाका मारत होतं आणि मी त्याला दटावून गप्प बसवत होते, याची मला आता खरोखर लाज वाटते.

श्रावणात एक पोस्टकार्ड आलं. विहीणबाईंच्या मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरात चारच वाक्यं होती. "पोरगी झाली. दोघी खुशाल आहेत. कुंदा भरपूर पाणी पिऊन राहिली. काळजी नका करू."

नातीच्या बातमीनं मी हसले. तिसऱ्या वाक्याशी मात्र मला अक्षरं दिसेनाशी झाली.