देवमनमामाची सांगड

देवमनमामा माझा सख्खा मामा नव्हे. माझ्या आईला, इंदूबाईला, भाऊच नव्हता. मामा जातीनं भोई, अंजनगाव सुर्जीच्या वर शहानूर नदीकाठी आमच्याच गावचा. पावसाळ्यात लोकांना नदीपार करायचा, एरवी मासे धरायचा. बोलायचा इतकं कमी, की त्यापेक्षा आमच्या बैलाशी गप्पा मारलेल्या बऱ्या.

सन बावन्नच्या श्रावणात माझ्या वेळी आई अडली. सकाळपासून कळा, पण मी काही बाहेर येईना. आडमुठेपणा तेव्हापासूनचा, असं माझ्या सासरचे म्हणतात. सुईण पार्बताबाई नेमकी डोंगराच्या पायथ्याच्या गावी दुसऱ्या बाळंतपणाला गेलेली. गाडीवाट पुरानं बंद. डोंगरकडेची पाऊलवाट तिच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती. उरली नदी. तिथून आमच्या गावापर्यंत ती फार लांब नाही, पण दगडांतून नुसती कोसळत येते. पुरात तिथं कुणी उतरत नसे.

देवमन कुणी न सांगता उठला. वाळलेले मोठे भोपळे दोरीनं बांधून सांगड करतात, तिच्यावर बसून माणूस तरंगतो. पार्बताबाई अंगानं भारी, म्हणून आणखी एक भोपळा हवा होता. माझ्या आजीनं, गोदाबाईनं, घाईघाईत घरातला बियाणं ठेवायचा वाळका भोपळा रिकामा करून दिला. त्याला उंदरानं पाडलेलं भोक तिनंच शेणानं लिंपलं होतं, हे मात्र ती साफ विसरली. सांगड डोक्यावर घेऊन देवमन पाऊलवाटेनं वर गेला.

पुढचं मला पार्बताबाईनंच सांगितलं, दरवेळी शिव्यांसकट. ती सांगडीवर, देवमन मागं पाण्यात, पायांनी सांगड वळवत.

"अरे मेल्या, दगड!" ती ओरडली.

"दिसून राहिला," तो म्हणाला.

मधल्या उतारावर शेण विरघळलं, भोपळ्यात पाणी शिरलं आणि सांगड एका अंगानं बुडू लागली. दोघांचा भार तिला पेलेना. "बाई, आता तुमी एकट्या. पाय वर घ्या," एवढं बोलून त्यानं सांगड काठाच्या संथ पाण्याकडे ढकलली आणि हात सोडला.

एकटीच्या भारानं सांगड काठाकाठानं गावापर्यंत आली. तिथं वाट पाहणाऱ्या लोकांनी पार्बताबाईला ओढून उचलूनच घरी आणलं. दिवस मावळायच्या आत मी जन्मले, आईही वाचली. देवमनचा मात्र पत्ता नव्हता. आजीला तेव्हा भोक आठवलं, आणि ती भिंतीला टेकून रडत बसली.

दिवेलागणीला तो लंगडत दारात आला. "पोचली काय बाई?"

पोरगी झाली म्हटल्यावर म्हणाला, "मंग झालं."

आजीनं त्याचे पाय धरून भोपळ्याचं सांगितलं. "उंदराले काय समजते, बाई," असं म्हणून तो घरी गेला. अशा माणसाचे उपकार फेडायचे तरी कसे? आई दर भाऊबीजेला त्याला ओवाळत गेली, एवढंच.

एकोणसत्तर साली माझं लग्न झालं. नवरीला मांडवात मामानं आणायचं. आईचे चुलतभाऊ नवे फेटे बांधून तयार होते. भोयाच्या हातून नवरी आली तर सोयरे काय म्हणतील, अशी कुजबुजही झाली.

आई सगळ्यांसमोर म्हणाली, "ज्यानं हिले जगात आणलं, मांडवात बी तोच आणीन."

देवमनमामा मांडवाबाहेर काढलेल्या चपला-जोड्यांपाशी उभा होता. आईनं त्याला आत आणून माझा हात त्याच्या हातात दिला.

"पोरी," मामा हळूच म्हणाला, "मले भेव वाटून राहिलं."