हरेल त्याने चहा करायचा

मुलीने बंगळूरहून तो खेळ आणला, तेव्हा खोक्यावरचं चित्र बघून यांना हसू आवरेना. डोंगरउतारावर द्राक्षांचे मळे, मधून नदी, खाली बाजारपेठ. यांचं बालपण पिंपळगावच्या बाजूला द्राक्षबागेत गेलेलं. मुलीने सगळे नियम समजावून सांगितले, यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारलं, "आणि गारपीट कधी होते?"

"बाबा, यात गारपीट नाहीये."

"अवकाळी?"

"तोही नाही."

"मग याला द्राक्षबाग कोण म्हणेल?"

असं म्हणाले खरे, पण पहिल्याच डावात मला हरवायला कंबर कसून बसले.

खेळ तसा सोपा. पटावर जागा आखलेल्या आहेत. वेल लावायची एक, छाटणीची एक, माल पेटीत भरायची एक आणि सगळ्यात मोक्याची बाजाराची. प्रत्येकाकडे लाकडाचे छोटे छोटे गडी. आपली पाळी आली की एक गडी एका जागेवर ठेवायचा आणि तिथलं काम करून घ्यायचं. एकदा जागा अडली की त्या फेरीत दुसऱ्याने हात चोळत बसायचं. म्हणजे खरी गंमत समोरच्याची वाट अडवण्यात. माझ्या स्वभावाला हे फार मानवलं.

मी सातपूरला एका कारखान्यात तपासणी विभागात होते. मशीनवरून उतरलेला जॉब, म्हणजे तयार भाग, मापाच्या गेजमध्ये बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. ऑपरेटर कितीही गयावया करो, गेज ऐकत नाही आणि मीही ऐकत नसे. हे त्याच रस्त्यावर पुढच्या एका कंपनीत लेथवर होते. "दिवसभर तिथला इन्स्पेक्टर, संध्याकाळी घरचा," असं ते मित्रांना सांगायचे आणि मी ऐकतेय हे माहीत असूनच सांगायचे.

आम्ही दोघं रिटायर झाल्यावर तो खेळ आमच्या रविवारच्या दुपारी येऊन बसला, मग बुधवारच्याही. आमचा एकच नियम होता, तो पुस्तकात नव्हता. हरेल त्याने चहा करायचा. आणि जिंकणाऱ्याने त्या चहाला नावं ठेवायची, हा त्याचा पोटनियम. यांचा चहा पांचट असतो, हे मी बिनविरोध सांगू शकायचे, कारण बहुतेक वेळा मीच जिंकायचे. माझा चहा त्यांच्या वाट्याला आला की पहिला घोट घेऊन म्हणायचे, "साखर कमी आहे." दर वेळी तेच. साखर कधीच कमी नसायची.

मग मला झटका आला. सकाळी ओट्याशी उभी होते, हातातून चमचा पडला आणि तो उचलायला हात खाली जाईना. यांना हाक मारायला गेले तर तोंडातून भलतंच काहीतरी निघालं. पुढचे काही आठवडे मी दवाखान्यात होते आणि त्यातलं मला फारसं आठवत नाही. यांना सगळं आठवतं, पण ते सांगत नाहीत.

घरी आले तेव्हा पाय चालू लागला होता. बोलणं परत आलं, जरा थांबून थांबून. उजवा हात मात्र अर्धाच परतला. धरलेली वस्तू कधी सोडायची, हे तो माझ्याआधी ठरवून टाकायचा. पोळ्यांना बाई लावली, बाकीचं हे करू लागले. मी स्वयंपाकघराच्या दारात जरी दिसले तरी आतून आवाज यायचा, "तू बस." आयुष्यभर मी लोकांना माझ्या टेबलासमोर उभं केलं होतं, आता मला बसायला सांगणाऱ्यांची रांग लागली होती. मुलगी व्हिडिओ कॉलवर तेच, शेजारीण तेच, व्यायाम करून घ्यायला येणारी पोरगीही तेच.

एका दुपारी यांनी आपणहून खोकं काढलं. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, झटक्यानंतर ते फार पटकन येतं. मी डाव्या हाताने गडी ठेवत खेळले आणि जिंकले. बुधवारी पुन्हा जिंकले. रविवारीही. हे उठून चहा करायला गेले आणि मी पटाकडे बघत बसले. शेवटच्या फेरीत बाजाराची जागा मोकळी होती. यांचा माल पेटीत भरून तयार होता, पाळीही यांचीच होती. आणि यांनी गडी ठेवला कुठे, तर छाटणीवर. छाटायला यांच्याकडे एक वेलसुद्धा उरला नव्हता.

लहानपणी आमच्या चाळीच्या अंगणात लंगडी खेळताना धाकट्या भावंडांना 'कच्चं लिंबू' म्हणून घ्यायचो. त्याने पळायचं, ओरडायचं, पण त्याला कुणी बाद करायचं नाही. ते बिचारं खूश असतं, जोवर त्याला कळत नाही तोवर. एकदा कळलं की त्याच्याइतकं दुखावलेलं माणूस नाही.

हे चहा घेऊन आले तेव्हा मी विचारलं, "मी कच्चं लिंबू आहे का?"

"काय बोलतेस काहीतरी. जिंकलीस की."

"छाटायला काय होतं तुमच्याकडे?"

त्यांनी पटाकडे पाहिलं, मग कपाकडे, आणि म्हणाले, "चहा गार होतोय."

मी तो चहा प्यायले नाही. त्यांच्याबरोबर खेळणार नाही, असंही सांगून टाकलं.

खोक्याच्या तळाशी पत्त्यांची एक गड्डी होती, तिच्यावरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा आम्ही काढलेला नव्हता. एकट्याने खेळणाऱ्यासाठी ती दिलेली असते. समोर माणसाऐवजी गड्डी बसते. तिची पाळी आली की वरचा पत्ता उलटायचा, त्यावर ज्या जागेचं चित्र असेल तिथे तिचा गडी ठेवायचा. तिला वेल लावावे लागत नाहीत, छाटावे लागत नाहीत. नुसती येते, हवी ती जागा अडवते आणि गुण घेऊन जाते. मी वाचत गेले तसं मला हसू यायला लागलं. काम काही नाही, मान सगळ्यात आधी, आणि त्याला कुणी काही बोलायचं नाही. मी त्या गड्डीचं नाव 'जावई' ठेवलं. मुलीला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "आई, खऱ्या जावयाचा पत्ता नाही आणि तू खोटा आणून बसवलास."

पहिल्या डावात जावयाने मला धुतलं. बाजारासाठी मी तीन फेऱ्या तयारी केली, माल भरला, आणि माझी पाळी यायच्या आत पत्ता उलटला तो नेमका बाजाराचा. जावईबापू जाऊन बसले. ना माझा हात बघितला, ना माझं तोंड. मी टेबलावर डावा हात आपटला आणि त्याला एक सणसणीत शिवी घातली. आणि मग लक्षात आलं की मला फार बरं वाटतंय. कितीतरी दिवसांनी माझ्याशी कुणीतरी सरळ वागलं होतं.

त्यानंतर रोज दुपारी जावई यायचा. मी हरायचे, चिडायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडायचे. जावई चहा पीत नाही, त्यामुळे हरण्याची शिक्षा कुणालाच नव्हती. चहा हेच करायचे, न विचारता, आणि बाल्कनीत पेपर तोंडासमोर धरून बसायचे. एवढा वेळ कुणी पेपर वाचत नाही. त्यांना वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं. पण मी काही मागे हटणारी नव्हते.

अडचण एकच होती. माझे गडी, माझा माल, वर जावयाचे पत्ते, हे सगळं एका डाव्या हाताला झेपायचं नाही. पत्ते सांडायचे. एकदा उचलताना बाजाराचा पत्ता माझ्या मुठीत दुमडला आणि त्याचा कोपरा कायमचा मोडला. तो वर आला की मला आधीच कळू लागलं, म्हणून माझी चाल होईपर्यंत मी गड्डीवर हात झाकून ठेवायचे. रडीचा डाव मला खपत नाही, माझाही नाही.

एका दुपारी गड्डी पुन्हा जमिनीवर पसरली. हे बाल्कनीतून उठून आले, पत्ते गोळा केले आणि तिथेच उभे राहिले. "मी उलटत जाऊ का? खेळत नाही. नुसता जावयाचा हात."

त्यांचा चेहरा बघून मला नाही म्हणवेना. "नुसता हात," मी बजावलं.

मग आम्ही पुन्हा समोरासमोर बसू लागलो, मध्ये जावई. हे पत्ता उलटायचे, गडी ठेवायचे, एक शब्द बोलायचे नाहीत. दुसऱ्याच दिवशी मी जावयाला हरवलं. मग परत एकदा. खरंच जिंकले असं मला वाटलं आणि मी व्हिडिओ कॉल करून मुलीला पट दाखवला. ती टाळ्या वाजवत होती, हे शेजारी हसत होते.

पुढच्या डावात माझा माल भरून तयार होता, आता बाजार मोकळा राहिला की जिंकलेच. यांनी वरचा पत्ता अर्धा उचलला. "दोन चिकटले वाटतं," असं पुटपुटले, बोटांनी काहीतरी केलं आणि छाटणीचा पत्ता उलटा करून माझ्यासमोर ठेवला. चाळीस वर्षं लेथ चालवलेला माणूस, हात पक्का, पण लबाडीची सवय नाही. गड्डीच्या अगदी तळातून एक मोडका कोपरा बाहेर डोकावत होता.

मला राग आला, असं म्हणणं कमी पडेल. त्या निर्जीव गड्डीलासुद्धा यांनी माझी दया करायला लावली होती. फोनवरच्या त्या टाळ्या आठवल्या आणि शरमेने माझे कान गरम झाले.

"तळचा पत्ता काढा," मी म्हणाले.

ते जावयाचा गडी उचलून छाटणीवर ठेवायला निघाले.

"काढा तळचा पत्ता. आधी किती वेळा केलंत हे?"

चिडले की माझी जीभ अडखळते, त्यामुळे हे एवढं बोलायला मला फार वेळ लागला आणि तो सगळा वेळ हे ऐकत बसले. मग बोलले ते त्यांच्या गावच्या बोलीत. ती शहरात आल्यापासून त्यांनी घडी घालून ठेवली होती, अगदीच हललेले असले की बाहेर यायची.

"तुला हरताना बघवत नाय मला."

"आणि मला असं जिंकताना बघवत नाही."

"तिथं दवाखान्यात तू पडलेली. माझ्याकडं बघायची आन् मला वळखायची नाय. मी काय करू शकत होतो? काय बी नाय. डॉक्टर म्हणायचे, बसा. मी बसायचो." ते त्या गड्डीकडे बघत होते. "हितं एक पत्ता तरी सरकवता येतो ना गं."

मला त्यांचा राग आलेला होता आणि त्याच वेळी त्यांना जवळ घ्यावंसं वाटत होतं. दोन्ही एकदम. त्यांनाही तिथे सगळे "बसा" म्हणत होते, हे मला इतके महिने सुचलंच नव्हतं. मी माझा डावा हात टेबलावरून पुढे केला आणि त्यांच्या हातावर ठेवला. 

मग मी म्हणाले, "काढा आता."

त्यांनी मोडक्या कोपऱ्याचा पत्ता वर काढला. जावई बाजारात जाऊन बसला आणि मी हरले. आम्ही दोघांनी मिळून गड्डी खोक्यात, अगदी तळाशी ठेवली.

"उद्या तुम्ही बसा," मी सांगितलं. "गेजमध्ये बसलं तर पास, नाही तर रिजेक्ट. मध्ये काही नाही."

दुसऱ्या दिवशी हे खेळायला बसले ते परीक्षेला बसल्यासारखे. चाल करण्याआधी माझ्याकडे बघायचे, मी मुद्दाम पटाकडे बघायचे. हळूहळू त्यांचा जुना खोडसाळपणा जागा झाला, एकदा छाटणीची जागा माझ्या नाकासमोरून पळवली आणि हसलेसुद्धा. शेवटची फेरी आली. बाजार मोकळा, त्यांचा माल तयार, माझाही तयार, पाळी त्यांची. गडी चिमटीत धरून ते थांबले. तो हात कुठे जाणार, हे बघण्याशिवाय त्या क्षणी मला जगात दुसरं काही नको होतं.

त्यांनी गडी बाजारात ठेवला.

मी हरले होते. खुर्चीला पाठ टेकून बसले आणि आता 'तू बस' ऐकू येतं का, याची वाट पाहू लागले. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि शेवटी म्हणाले, "आलं घाल थोडं."

मी उठले. ओट्याशी गेले. लायटर डाव्या हाताने चालवायचा तर बटण उजव्याने फिरवावं लागतं, ते जमेपर्यंत थोडा गॅस वाया गेला. बाहेर खुर्ची करकरली, मग पुन्हा करकरली. म्हणजे ते उठले आणि परत बसले. आलं किसता येईना, ते बत्त्याने ठेचलं. दूध थोडं ओट्यावर गेलं, ते तसंच ठेवलं. कप एकेक करून बाहेर नेले, त्यांच्या कपातला निम्मा चहा बशीत होता. ते मदतीला उठले नाहीत. दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा घट्ट धरून बसले होते.

त्यांनी बशीतला चहा कपात ओतला, पहिला घोट घेतला. डोळे भरले होते, पण आवाज कडक ठेवला.

"साखर कमी आहे."

साखर बरोबर होती, मी स्वतः चाखून घातली होती.

"उद्या हरा मग," मी म्हणाले, "पण खरं खरं."