दाराला टेकवलेला दगड

बाळांनो,

मावशीआजीचं लंडनमधलं घर आवरताना मागच्या दाराला टेकवलेला गोल काळा दगड टाकून द्यायचा का, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. थांबा, टाकू नका. तो दगड कुठून आला हे पाहिलेली आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लगेच लिहायला बसले.

मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला, त्यानंतरच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. माझी थोरली बहीण, म्हणजे तुमची मावशीआजी, लग्न होऊन नैरोबीला गेली होती. तिचे यजमान, आमचे दाजी, तिथं रेल्वेत नोकरीला होते. सात वर्षांनी दोघं पंधरा दिवसांसाठी परभणीला आमच्याकडे आली. पुन्हा कधी येणं होईल ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी हैदराबादच्या कॉलेजातून सुट्टीला आले होते. पाहुण्यांना एक दिवस जवळचं मानवत गाव दाखवायचं आणि बाजार करायचा, हे काम मी अंगावर घेतलं. इंग्रजीत वेळापत्रक लिहिलं. दहाला कापसाचा बाजार, साडेअकराला कापडदुकान, मग भांड्यांची आळी, चारला परतीची मोटार.

कापसाचे ढीग दोन पुरुष उंच होते. दाजींनी कॅमेरा काढला. "लोक आमच्याकडं सिंह बघायला येतात," ते म्हणाले, "त्यांना आता इकडं पाठवतो."

कापडदुकानात मात्र ताईनं एकाही लुगड्याला हात लावला नाही. दुकानदार म्हणाला, "बाईसाब आफ्रिकेच्या. आमचा माल कशाला पसंत पडंल?" ताईचं लक्षच नव्हतं. समोर रस्त्याच्या कडेला एक म्हातारी पाथरवटीण जाती मांडून बसली होती, तिकडं ती बघत होती.

"मला एक जातं न्यायचंय," ती म्हणाली.

दाजी हसले. "लोक आफ्रिकेतून हस्तिदंत आणतात, आणि तू इथून दगड नेणार? बोटीवर वजन मोजून घेतात, ठाऊक आहे ना?"

"तिथल्या गिरणीत मक्यावरच ज्वारी दळून देतात. भाकरी थापली की कडेला फाटते. सात वर्षं तुम्ही ती मुकाट्यानं खाताय, ते काय मला कळत नाही?"

"मी कधी नाव ठेवलं का?"

"ठेवलं असतं तर बरं झालं असतं."

दाजी बाजारात कुठंतरी निघून गेले. ताई सरळ म्हातारीपुढं जाऊन उभी राहिली. एक लहान, सुबक जातं तिनं पसंत केलं.

"कुठं न्यायलाव, बाई?" म्हातारीनं विचारलं. मी सांगितलं. "मंग तिथं टाकी कोन लावनार?"

जात्याच्या तळ्या, म्हणजे वरचा आणि खालचा दगड, आतून खरखरीत असाव्या लागतात. त्यासाठी छिन्नीनं त्यांना बारीक खाचा पाडतात, त्याला टाकी लावणं म्हणतात. आमच्याकडे त्या कामाला बाया दारावर यायच्या.

"सा म्हैन्यांत गुळगुळीत व्हतंय," म्हातारी म्हणाली. "दाना नुसता फिरतोय, पीठ पडत न्हाई."

विषय संपला असं समजून मी वेळापत्रकात भांड्यांच्या आळीची वेळ पाहिली. ताई मात्र निऱ्या आवरून तिथल्या पोत्यावर बसली. "मला शिकवा."

"आगं माय! हे काय बाजारात बसून शिकायचं काम हाय व्हय? हात बघ तुजे, बिस्किटावानी."

पण म्हातारीनं जात्याचा एक फुटका तुकडा पुढं सरकवला. छिन्नी तिरकी धरायची, ठोका हलका मारायचा, रेघ मधून कडेला न्यायची. ताईच्या पहिल्या रेघा वेड्यावाकड्या गेल्या. माणसं जमली. "आफ्रिकेची बाई दगड फोडायलीय, बघा," कुणीतरी म्हणालं. मला शरम वाटली. चार दिवस मी मैत्रिणींना तिच्या तिकडच्या थाटाच्या गोष्टी सांगितल्या होत्या. मी इंग्रजीत हळूच म्हटलं, लोक बघताहेत. ती मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघू दे की. तूही नीट बघ आणि लिहून दे. मी विसरले तर?"

मग मी वेळापत्रकाचा कागद उलटा केला आणि म्हातारी सांगेल तसं लिहीत गेले. छिन्नी किती तिरकी, दोन रेघांत अंतर किती, शेवटी मूठभर दाणे दळून दगडाची कच आलेलं ते पीठ फेकून द्यायचं. जेवणाची वेळ टळून गेली. ताईच्या अंगठ्याला फोड आला, पण रेघा सरळ पडायला लागल्या. म्हातारीनं त्यावरून बोट फिरवलं. "जमायलंय," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात दाजी परत आले. लोहाराकडून कागदात गुंडाळून त्यांनी दोन छिन्न्या आणल्या होत्या.

"दोन कशाला?" ताईनं विचारलं.

"एक हरवली तर नैरोबीत कुठं शोधणार?"

"आणि बोटीवरचं वजन?"

"माझे दुसरे बूट राहू देत इथंच. तुझ्या वडिलांना होतील."

चारची मोटार चुकली. भांड्यांची आळी राहूनच गेली.

पुढं नैरोबीहून लंडनला जाताना जात्याची वरची तळी फुटली, असं ताईनं कळवलं होतं. तुमच्याकडे आहे ती खालची. त्या तळीच्या आतल्या बाजूवरून हात फिरवून बघा. ज्या खाचा लागतील त्या ताईच्या हातच्या आहेत. माझा कागद तिच्याबरोबर गेला, त्याचं काय झालं ते ठाऊक नाही. ती ज्यावर शिकली तो फुटका तुकडा मी त्या दिवशी पिशवीत टाकून घरी आणला. तो अजून आमच्या दह्याच्या पातेल्याच्या झाकणावर आहे.