पुढे कललेली सीट

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि बहुतेक वेळा नाक मुरडूनच. निम्म्या लोकांना पैंजण ऐकू येतात, उरलेल्यांना पांढरी साडी दिसते, आणि सगळ्यांच्या मोबाईलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. माझं शिक्षण इंग्लिश मीडियममध्ये झालं. मराठी लिहायची फार सवय नाही, स्वतःबद्दल लिहायची तर अजिबातच नाही. तरी लिहिते आहे... कारण ही गोष्ट घरी पूर्ण सांगता आलेली नाही.

मी दहिवलीला राहते. नोकरी साजगावला, एका पॅकेजिंग कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये. दोन वर्षांपूर्वी मी सेकंड हँड गाडी घेतली — लाल, बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स कूपे. कोंडाणे लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका फार्महाऊसमध्ये कव्हरखाली पडून होती. घरी सगळ्यांनी नावं ठेवली. काका म्हणाला, "दोनच दारं? अगं, यात मान्सं बसवायची का कोंबड्या?"

मला नेमकं तेच हवं होतं. चार दारांची गाडी घेतली की गल्लीतला प्रत्येक जण लग्नाला सोड, स्टेशनला सोड, पाहुण्यांना घेऊन ये म्हणतो. मला तोंडावर नाही म्हणता येत नाही. ही गाडी बघून लोक आपोआपच गप्प बसतात. आईने चारी चाकांखाली लिंबं ठेवली, मी ती चिरडली आणि मनातल्या मनात हसले.

अशा गाडीत मागे दोन माणसांपुरती जागा असते, पण दार नसतं. पुढच्या सीटचा खटका दाबून ती पुढे कलवायची, मग वाकून आत शिरायचं. उतरतानाही तेच. खोपोलीचे मेकॅनिक इक्बालचाचा पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, पीछेवाले खटके का केबल कटा है. सीट आगे से ही खुलेगी. पार्ट मिलेगा नहीं." म्हटलं, नाही मिळाला तर नाही, मागे बसणार आहे कोण?

आत्या बसली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमच्याकडेच असते. तिचे दोन्ही खांदे आखडलेत, हात छातीच्या वर जात नाहीत. दर मंगळवारी खोपोलीला फिजिओथेरपी, आणि माझी वाट तीच, म्हणून तिला सोडायचं काम माझ्याकडे आलं. पुढची सीट रिकामी असायची, पण ती पुढे बसेल तर शपथ!

"पुडं बाप्ये बसतात गं."

"आत्या, गाडीत बाप्या आहे कुठे?"

"नसंना. जागा तर त्यांचीच हाय."

रिकाम्या जागेचा मान राखायला सत्तरी ओलांडलेली बाई अंगाची घडी करून मागे शिरायची. मला भयंकर चीड यायची. वाद घालायची हिंमत नव्हती, म्हणून मी मुकाट्याने सीट कलवायचे.

गाडी घेतल्यावर महिन्याभरातच ते सुरू झालं. सकाळी दार उघडलं की डावी सीट पुढे कललेली... मागून कुणीतरी उतरून गेल्यासारखी. आदल्या संध्याकाळी ती सरळ केल्याचं मला पक्कं आठवायचं. खटका झिजला असेल म्हणून चाचांना दाखवली. त्यांनी ती हिसडून पाहिली, ठोकून पाहिली. "एकदम टाइट है. आप ही भूलते होंगे."

आईला सांगितलं असतं तर नारळ, अंगारा आणि कुठलातरी बुवा. त्यापेक्षा रोज सीट मागे ढकलणं सोपं होतं. एकदा तर वैतागून म्हणालेसुद्धा, "उतरलात ना? मग सरळ करायला काय होतं?"

गेल्या मे महिन्यातला मंगळवार. त्याच्या आदल्या मंगळवारी मी आत्यावर ओरडले होते — मी स्पीकरवर बोलत असताना मध्ये बोलायचं नाही म्हणून. बाहेर तोंडातून शब्द न फुटणारी माणसं घरच्यांवर बरोब्बर ओरडतात. त्या दिवशी कंपनीत ऑडिट होतं. पळसदरीपासून साहेबांचा फोन चालू होता. बोलता बोलता खोपोली मागे पडली, क्लिनिक मागे पडलं, साजगाव आलं. गाडी उन्हात लावली, लॉक केली आणि धावत लॅबमध्ये गेले.

अकराच्या सुमारास गेटवरच्या वॉचमनचा फोन. "मॅडम, तुमच्या आजी माज्या केबिनमदी बसल्यात. पानी दिलंय. लवकर या."

"कुठल्या आजी?" मी विचारलं.

हे दोन शब्द मला अजून ऐकू येतात.

आत्या पंख्याखाली बसली होती. लुगडं घामाने भिजून अंगाला चिकटलेलं, ओठ पांढरे. मला बघून म्हणाली, "झालं का गं काम?"

"आत्या, क्लिनिक गेलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू फोनवर व्हतीस."

मी पाण्याचा ग्लास तिच्या ओठांना लावला.

"म्हटलं, येशील," ती म्हणाली. "मंग जीव घाबरा झाला. काच वाजवाया हात उचलंना. तवा ती शीट आपली पुडं झाली, दार उघाडलं. मला वाटलं, या गाड्यांचं असंच असतंय."

वॉचमनने मला बाजूला घेतलं. "दार आतूनच उघाडलं मॅडम, मी बगितलं ना. शीट पुडं झाली, मंग आजी उतारल्या. पन पुडं जे कोन बसलेलं, ते काय उतारलं नाय. कोन हाय ते?"

किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात होती.

रविवारी भरदुपारी मी त्या फार्महाऊसवर गेले. तिथे राखणदार गणपतदादा असतात. त्यांना सरळच विचारलं, या गाडीत कुणी मेलंय का?

"छ्या! कोन मरंल? साहेबांची आई मागं बसायची. साहेब उतरून सरळ बंगल्यात, म्हातारी आपली आत. मंग मी जाऊन शीट पुडं करायचो."

"आणि आता त्या..."

"पुन्याला हाय. ठणठणीत! परवाच फोनवर मला शिव्या घातल्या, आंब्याची पेटी धाडली नाय म्हून. म्हातारी हाय, साहेब हाय, मी हा तुमच्यासमोर उबा. तुमी शोदताव कुनाला?"

तेव्हा अपघात, आत्महत्या, अतृप्त इच्छा वगैरे शोधणाऱ्यांनी इथे वेळ घालवू नये. माझ्या गोष्टीत कुणीही मेलेलं नाही. परत येताना मनात आलं, आईला गाडीत विसरून जाणारा माणूस किती... आणि ते वाक्य मला पुरं करता आलं नाही.

आत्या आता पुढे बसते. पहिल्या मंगळवारी कुरकुरली, "अगं पन बाप्ये—" मी म्हटलं, "बस म्हटलं ना." बसली.

आणि रोज संध्याकाळी गाडी लावल्यावर ती डावी सीट मीच पुढे कलवून ठेवते. हसायचं तर हसा, तुमच्या जागी मी असते तर मीही हसले असते. मध्ये एकदाच विसरले. सकाळी धावत जाऊन पाहिलं, तर सीट ठेवली होती तशीच, सरळ. जे कुणी होतं ते कायमचं उतरून गेलं, की 'येशील' म्हणत रात्रभर मागेच बसून राहिलं... मला माहीत नाही.

तेव्हापासून विसरत नाही.