स्टेजखालचं पाणी

नगरपालिकेवर रागवायला मला कारण लागत नाही, असं माझे सासरे म्हणतात. ते खोटं नाही. पण त्या वर्षी जयंतीच्या आदल्या दिवशी पालिकेनेच माझी पंचाईत केली. सकाळीच माणसं येऊन गटार उपसून गेली, कडेने पावडर मारली, कोपऱ्यावरचा कधीचा बंद पडलेला दिवा लागला. विहाराच्या अंगणात काँक्रीटसुद्धा झालं होतं. आता ओरडायचं तरी कशावर?

काँक्रीट ओलं होतं, म्हणून दरवर्षी विहारासमोर बांधायचं स्टेज मंडळाच्या पोरांनी आमच्या आळीच्या तोंडाशी, फणसाच्या सावलीत बांधलं. लाल गालिचा, निळ्या पताका, बाजूला पंचशील ध्वज. दुपारी वंदना झाली आणि सासऱ्यांनी स्वतः तसबीर मांडून हार घातला. मुंबईच्या गोदीत उभी हयात घालवून परतलेला माणूस, पण जयंती आली की त्यांचे गुडघेसुद्धा दुखायचे थांबतात.

त्या वर्षी जेवण आमच्या घराकडे होतं. वस्तीत तशी पद्धतच आहे. दरवर्षी एक घर चूल आणि पाणी सांभाळतं, बाकीचे तांदूळ, डाळ, गूळ आणून देतात. सासऱ्यांच्या मनात मात्र आणखी एक होतं आणि ते त्यांनी मला एकटीलाच सांगितलं होतं. वरच्या आळीला जेवायला बोलवायचं. वरची आळी शेजारची, पण पंगतीची नव्हे. मिरवणूक बघायला ती माणसं दारात येतात, बुंदीचा पुडा घेतात, दोन शब्द बोलतात. जेवायला कधी कुणी बसलं नाही आणि आम्हीही कधी बोलावलं नाही. "संध्याकाळी जाऊन सांगून येतो," म्हणत सासरे इस्त्रीचा सदरा घालून ओटीवर बसले, पण उठेनात. नको म्हणाले तर काय करायचं, ही धास्ती होती. मला ती दिसत होती आणि त्यांच्यासाठी जीव तुटत होता.

एप्रिलात आमच्याकडे पाणी एक दिवसाआड, तेही संध्याकाळी. त्या दिवशी नळाने नुसताच फुसफुस आवाज केला. घरातली पिंपं रिकामी, दुसऱ्या दिवशी पालिकेला सुट्टी आणि एवढ्या माणसांचा स्वयंपाक. मी पालिकेत फोन लावला. कुणीतरी शांतपणे सांगितलं, "नेहमीचा पाणी सोडणारा रजेवर आहे बाई. बदलीचा माणूस येऊन गेला. तुमचं व्हॉल्व्हचं चेंबरच सापडत नाही म्हणतो."

"चेंबर काय उठून भाट्याच्या समुद्रावर फिरायला गेलं?" मी म्हटलं. खरं सांगायचं तर ओरडायला कारण सापडल्याने मला जरा बरंच वाटलं.

बाहेर आले तर वरची आळी रिकाम्या कळशा, बादल्या घेऊन उतरत होती. त्यांचं आणि आमचं पाणी एकाच व्हॉल्व्हवर चालतं. सगळ्यांत पुढे तिथल्या एक म्हाताऱ्या काकू. त्यांच्या तोंडाला आळीतलं कुणीच लागत नाही.

"काय गो मास्तरीणबाय, पानी कुठं अडवलात?"

मी उत्तर देणार तेवढ्यात बदलीचा माणूस लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून परत आला. "नेहमीच्या मानसाला फोन केलेला मी," तो घाम पुसत म्हणाला. "फणसाखाली हाय म्हनतो चेंबर."

सगळ्यांनी फणसाकडे बघितलं. मग सगळ्यांनी स्टेजकडे बघितलं. आमची पोरं एकमेकांची तोंडं बघायला लागली.

मला खरंच भीती वाटली. तुमच्या जयंतीपायी आमचं पाणी गेलं, एवढं एकच वाक्य कुणी बोललं असतं तरी पुरे होतं. पोरं तापली असती, शब्दाने शब्द वाढला असता आणि सासऱ्यांचं बोलावणं ओटीवरच राहिलं असतं.

"मग उभे काय ऱ्हायलात?" काकू म्हणाल्या. "उचला ता."

वरच्या आळीतले दोघे पुढे सरसावले. त्यांच्यातल्या एकाने तसबिरीकडे हात नेला आणि आमची पोरं एकदम ताठ झाली. तेवढ्यात सासऱ्यांचा आवाज आला, "थांबा." ते ओटीवरून उतरून आले, तसबीर दोन्ही हातांनी उचलली, रस्त्याच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची मागवून घेतली आणि तसबीर मांडीवर घेऊन बसले. "आता उचला," म्हणाले.

दोन्ही आळ्यांनी मिळून स्टेज उचललं. कुणी डावीकडे ओढतंय, कुणी उजवीकडे, पताका कुणाच्या तरी डोक्यात अडकलेल्या. हसायला पहिल्यांदा कोण लागलं कोण जाणे, पण लागलं. स्टेज सरकलं, खालचं चेंबरचं झाकण उघडं पडलं. चावी फिरली आणि घराघरांतून पाण्याचा आवाज यायला लागला. माझा जीव भांड्यात पडला. पदराने डोळे पुसले, कुणी बघितलं असेल तर बघितलं.

काकू आमच्याच नळावर कळशी भरून परत आल्या तेव्हा पोरं स्टेज नव्या जागी ठाकठीक करत होती. सासरे तसेच खुर्चीत बसलेले. बोलावण्याचे शब्द ओठांवर आलेले दिसत होते, पण बाहेर पडत नव्हते. काकूंनी कळशी खाली ठेवली, तसबिरीवरचा कलंडलेला हार नीट केला आणि म्हणाल्या, "उद्याला जेवान कवा हाय, आबा? स्टेज उचलून भूक लागली बघा. आमी सगली येनार."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"विहारात वंदना झाली की लगेच," मीच सांगितलं. "आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन या, काकू."

स्टेज तयार झालं होतं, पोरं तसबिरीसाठी हात पुढे करून उभी होती. सासऱ्यांनी ती उगाचच आणखी थोडा वेळ मांडीवर धरून ठेवली. काकू कळशी घेऊन वर दिसेनाशा झाल्या, तेव्हा ते मला म्हणाले, "खिरीला गूळ वाढव गो."