गुडघा बघणारे सुभेदार

सुभेदार नमस्काराआधी माणसाचा गुडघा बघायचे. लष्करी दवाखान्यातून निवृत्त होऊन ते मिरजेच्या आमच्या इस्पितळात ब्रदर म्हणून लागले होते, पण त्यांना ब्रदर म्हणायची कुणाची छाती नव्हती. अतिदक्षता विभागात रोगी आला की ते त्याच्या गुडघ्याला हाताची मागची बाजू लावत. ‘‘गुडघा गार हाय, डाक्टर, रगत पोचंना. मशीन काय बी म्हणू दे.’’ आणि लघवी! रक्त मूत्रपिंडापर्यंत पोचतंय की नाही, ते तीच सांगते म्हणून दर तासाला ती मोजून, मोत्यासारख्या अक्षरात तक्त्यावर लिहीत.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी नुकताच एमडी झालो होतो आणि एका कल्पनेनं झपाटलो होतो. रक्तात जंतू पसरून रक्तदाब कोसळतो, तेव्हा जंतूंशी लढताना उठलेला शरीराचा स्वतःचाच दाह माणसाला मारतो. तो दाह औषधानं दाबला की झालं! सुभेदारांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘म्हंजे आपल्याच पलटणीची हत्यारं काढून घ्यायची? मग लढणार कोण, तुमी का मी?’’

मला त्यांची कीव आली. माझं वयच तसं होतं.

अशात मलकापूरचा एक शिंपी आला. पायाची जखम चिघळलेली, रक्तदाब लागेना. अँटिबायोटिक, सलाईन चालू केलं आणि मोठ्या सरांच्या परवानगीनं माझं लाडकं दाहशामकही लिहिलं. दुसऱ्या दिवशी गडी उठून भाकरी मागू लागला. मला आकाश ठेंगणं झालं. साताऱ्याच्या डॉक्टरांच्या सभेत हे सांगायचं ठरलं.

निघायच्या आदल्या दिवशी तक्ता मागवला. सुभेदारांनी एका ओळीवर बोट ठेवलं. दुपारी बारा: गुडघा कोमट, लघवी सुरू. खाली दोन वाजता: दाहशामक इंजेक्शन दिले.

‘‘तुमचं औषध यायच्या आधीच गडी सुदारला हुता. तवाच सांगणार हुतो, पर तुमी लय खुशीत हुता.’’

मी चिडलो. ‘‘एवढी एक ओळ नाही दाखवली, तर काय बिघडतंय?’’

‘‘उद्या तितले डाक्टर तुमचं ऐकून हेच टोचत्याल. माजं गाव बी तिकडंच हाय, साहेब.’’

रात्रभर धुसफुसलो, पण साताऱ्यात जे घडलं ते तसंच सांगितलं. पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर डॉक्टरांनी विचारलं, ‘‘औषधाआधीच सुधारला, हे कशावरून?’’ तक्ता घेऊन माझ्याबरोबर आलेले सुभेदार शेवटच्या रांगेत ताडकन सावधानमध्ये उभे राहिले.

‘‘लघवी मी मोजलीया, साहेब!’’

सभा हसून लोळली. माझं भाषण कुणाच्या लक्षात राहिलं नाही, तक्ता मात्र राहिला. पुढं परदेशातले मोठमोठे प्रयोगही एकेक करून फसले. ती औषधं रोग्यांना वाचवू शकली नाहीत. ते वाचताना दर वेळी मला सुभेदारांची पलटण आठवली.

ते गेले त्याच्या आठवडाभर आधी त्यांच्या गावी गेलो होतो. फार थकले होते, डोळे मिटलेले. मी हाताची मागची बाजू त्यांच्या गुडघ्याला लावली. माझेच डोळे भरून आले.

डोळे न उघडता सुभेदार म्हणाले, ‘‘कोमट हाय न्हवं? मग रडताय कशापायी? च्या सांगा.’’