अर्धी-अर्धी झडती

तुरुंगाच्या स्त्री-विभागात झडती घेणाऱ्या शिपाईबाईंना सगळ्या कैदिणी ताई म्हणत. सगळे कपडे एकदम उतरवून घ्यावेत, असा तिथला नियम होता. ताई मात्र आधी वरचा कपडा घेत, तपासून परत देत आणि तो अंगात चढला की मगच खालचा मागत. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे अंग पुसताना ही रीत त्यांच्या हातात बसली होती. म्हातारी दटावायची, "उघडी नको टाकूस गं, मेले नाही अजून!"

नव्या जेलरने झडतीच्या खोलीत कॅमेरा बसवला. कारण सुरक्षेचे. एकदा सहीसाठी ताई त्याच्याकडे गेल्या, तर भिंतीवरच्या टीव्हीवर तीच खोली दिसत होती. समोर चहाचे पेले, बशीत बिस्किटे आणि खुर्च्या पुढे सरकवून बसलेले दोन शिपाई.

"या ताई! टीव्हीवर बारीक दिसता हं," एक म्हणाला. दुसऱ्याला हसताना ठसका लागला.

ताई जेलरकडे वळल्या.

"साहेब, हे बंद करा."

"अहो, त्या बायकांत बघण्यासारखं आहे तरी काय?"

"मग बघता कशाला?"

जेलरने चहात बुडवलेले बिस्कीट तुटून पेल्यात पडले. तेवढ्याचीच त्याला हळहळ वाटली. न्यायालयाने या बायकांचे स्वातंत्र्य काढून घेतले होते. त्यांचा देह कुणाच्या चहासोबत वाढायला सांगितले नव्हते.

त्याच दुपारी एक मुलगी प्रथमच आत आली. बटणावर हात ठेवून तिने विचारले, "ताई, कुणी बघत नाही ना?"

'नाही' म्हणणे सोपे होते. ताईंनी स्टूल ओढले, गणवेशाचा स्वेटर काढला आणि कॅमेऱ्यावर टांगला.

"आता नाही बघत. दे, आधी वरचं दे."

आठवडाभरात ताईंची बदली फाटकावर झाली, पिशव्या तपासायला. स्वेटर कुणीतरी त्यांच्या टेबलावर फेकून गेले. त्यावर चहाचा डाग होता. त्यांनी तो पुन्हा घातला नाही.

पुढच्या तारखेला ती मुलगी कोर्टातून परतली, तेव्हा नवी शिपाईबाई खेकसली, "चल, सगळं काढ!"

मुलीने फक्त सदरा पुढे केला. "हा आधी परत द्या. मग खालचं."

"कुणी शिकवलं गं हे?"

"ताईंनी," मागच्या रांगेतून उत्तर आले, आणि पुढची बाईही एकच कपडा हातात धरून उभी राहिली.

कॅमेरा अजून चालू आहे. चहाही येतो.